संतांची भांडणं

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, सप्ताहाच्या सहाव्या दिवशी केलेलं भाषण. नातीनं मोबाइलवर आवाज भरून घेतला आणि लिहून काढला. बोलताना जे अभंग चालीवर म्हटले ते इथं घेतलेले नाहीत. गाथा घरोघरी आहे.)



विणेकरी बाबा, टाळकरी, पखवाजाचे बुवा, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माझ्या आयाबहिणी, आणि मागं खांबाला टेकून बसलेली मंडळी, सगळ्यांच्या चरणी दंडवत. आज कीर्तन नाही, भाषण आहे. कीर्तनात बुवा चुकला तर टाळकरी चाल उचलतात आणि सांभाळून घेतात. भाषणात सांभाळायला कोणी नाही, म्हणून चुकलं तर आधीच माफी मागून ठेवतो.

समितीच्या पोरांनी मला विषय दिला, 'संतकाव्यातील संघर्षाचे प्रकार'. कागद दोन दिवस फडताळात तसाच पडला होता. मी चौथी शिकलेला माणूस. संघर्ष हा शब्द मी ऐकला तो उसाच्या दराच्या मोर्चात. घरात आपण कधी संघर्ष म्हणतो का? आपल्याकडं रुसवा असतो, भांडण असतं, वाद असतो, तंटा असतो, कज्जा असतो, अबोला असतो आणि सगळ्यात शेवटी वैर. एवढे शब्द आपल्या म्हाताऱ्या माणसांनी उगीच ठेवले नाहीत. रुसलेल्या पोराची समजूत काढायची असते. कज्ज्याला पुरावा लागतो. रुसव्याला वकील दिला आणि कज्ज्याची नुसती समजूत काढत बसलं, तर दोन्हीकडं घोटाळा होतो. मला आज एवढंच सांगायचंय. संतांच्या अभंगात ही सगळी भांडणं आहेत, आणि आम्ही कीर्तनकार सगळ्यांना एकच गोड चाल लावतो.

आधी आपल्याच दिंडीतली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजंल. आपली दिंडी वाठार स्टेशनावरून सालप्याचा घाट उतरते आणि लोणंदला माउलींच्या सोहळ्यात मिळते. लई वर्षांमागं तरडगावच्या मुक्कामाला पाण्याचा टँकर आपल्या तळावर आलाच नाही. बाया चालून दमलेल्या, म्हातारी माणसं पाय धरून बसलेली, आणि हंड्यात घोटभर पाणी. संध्याकाळी समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहिल्या. तिथली रीत तुम्हाला ठाऊक आहे. चोपदार चोप उंच करून 'हो' म्हणतात आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. असं गप्प होतात की पलीकडच्या बैलाची घंटा ऐकू यावी. पण ज्या दिंडीची काही तक्रार असंल तिनं टाळ थांबवायचे नाहीत. त्या दिवशी सगळे टाळ थांबले आणि आपले वाजत राहिले. माझं वय तेव्हा अठरा-एकोणीस. मला तर घाम फुटला. एवढ्या समाजात आपणच वाजवतोय, माउली काय म्हणतील! वडील विणा घेऊन उभे होते. ते हळूच म्हणाले, "वाजीव. थांबायचं न्हाई. चोपदार हितं येस्तवर थांबायचं न्हाई." चोपदार आले, वडिलांना विचारलं, ऐकून घेतलं, तजवीज करतो म्हणाले. तेव्हा आपले टाळ थांबले आणि आरती झाली. रात्री टँकर आला.

मला तेव्हापासून कळलंय, की वारीत भांडणाला बंदी नाही. फक्त ते टाळ हातात ठेवून करायचं, आणि ज्यानं ऐकायला पाहिजे तो समोर येईपर्यंत सोडायचं नाही.

आता संतांकडं येऊ.

सगळ्यात गोड भांडण ते देवाशी. जनाबाई गंगाखेडची पोर, पंढरीत नामदेवांच्या घरात दळणकांडण करून राहिली. ती विठोबाला शिव्या घालते. साध्या नाहीत, बाईमाणसानं आडावर घालाव्यात तसल्या. आणि ज्याला शिव्या दिल्या त्यालाच दुसऱ्या दिवशी पहाटे जात्याचा खुंटा धरायला बोलावते. नामदेवराय तर देवाजवळ लहान पोरागत हट्ट धरून बसतात. तुकोबा वाण्याच्या घरातले, त्यांची भाषा हिशेबाची. ते देवाकडं थकबाकी काढतात, तू बुडव्या आहेस म्हणतात, तुझी अब्रू चारचौघांत काढीन असा दम देतात. परक्या सावकाराला असं कोणी बोलंल का? तो दारात उभा करणार नाही. हे बोलणं हक्काचं आहे.

याला मी रुसवा म्हणतो. रुसव्याची खूण सोपी आहे. भांडून झाल्यावर जायचं कुठं ते आधीच ठरलेलं असतं. पोरगं आईवर रागावून गोठ्यात जाऊन बसतं, पण भाकरीच्या वासावर कान ठेवून... कान नव्हे, नाक ठेवून बसतं. (हशा.) तसं तुकोबांचं. देवाला एवढं बोलून ते दुसरीकडं जात नाहीत. सासरी नांदायचंच असं ठरवलेल्या बाईचं भांडण आणि माहेरी निघालेल्या बाईचं भांडण, दोन्हीचे शब्द एकच असतील, पण ऐकणाऱ्याला फरक कळतो.

मनाशी भांडण हे दुसरं. त्याच्यावर मी लई बोलणार नाही, कारण त्याच्यावर सगळेच बोलतात. तुकोबांनी आपल्या जगण्याला लढाई म्हटलंय, आतली पण आणि बाहेरची पण. ज्ञानेश्वरी सांगितली नेवाशाला, देवळाच्या खांबाला टेकून, शके १२१२ मध्ये, पण तिची सुरुवात होते रणांगणावर आणि पहिल्या अध्यायात लढणारा गडी धनुष्य टाकून खाली बसतो. मी शेतकऱ्याच्या शब्दात सांगतो. खोडील बैल एकदाच सरळ करून भागत नाही. आज नांगराला सरळ चालला म्हणून उद्या चालंल असं नाही. रोज सकाळी दावणीवर जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या लढाईत जिंकलो असं जो म्हणतो त्याचा बैल कुठंतरी दुसऱ्याच्या रानात शिरलेला असतो. माझा कुठं शिरलाय ते मी पुढं सांगणार आहे.

वादाचंही एक सांगून टाकतो. नाथबाबांचं ते हिंदू आणि तुर्काचं संवादाचं काव्य वाचा. दोघं एकमेकांच्या रीतिभातींची अशी टर उडवतात की आज कोणी चौकात बोलला तर दगडफेक होईल. दोघंही तोडीस तोड. पण शेवटी दोघं एकमेकांना मिठी मारतात. चारशे वर्षांपूर्वी पैठणात हे लिहिलं. आमच्या व्हॉट्सॲपवर वादाचा पहिला भाग रोज येतो, शेवटचा कधी येत नाही.

आता घरातलं भांडण. इथं मला माझी एक चूक कबूल करायची आहे, कारण समोर आयाबहिणी बसल्यात.

नामदेवांच्या गाथ्यात त्यांची आई गोणाई आणि बायको राजाई यांची भांडणं आहेत. गोणाई थेट विठोबाकडं जाते आणि माझा पोरगा मला परत दे म्हणते. राजाई रुक्मिणीकडं गाऱ्हाणं नेते, की तुझ्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याला वेड लावलं आणि घरात खायला दाणा नाही. केवढी हुशार बाई बघा! पुरुषाची तक्रार पुरुषाकडं नेऊन उपयोग नाही, हे तिला सातशे वर्षांपूर्वी कळलं होतं. तुकोबांच्या जिजाईचं तर सगळ्यांना ठाऊक. भाकरी घेऊन भंडाऱ्याच्या डोंगरावर नवरा हुडकत जायची आणि विठोबाच्या नावानं बोटं मोडायची.

आम्ही कीर्तनकार काय करतो? जिजाईचा आवाज काढतो. कंबरेवर हात ठेवतो, तोंड वाकडं करतो, मंडप हसतो. मी तीस वर्षं हसवलं. एकदा रहिमतपूरकडं कीर्तन करून रात्री घरी आलो. आमची मंडळी त्या कीर्तनाला आली होती. जेवायला वाढता वाढता म्हणाली, "तुमी जिजाईची नक्कल झ्याक करताय. पर दुष्काळात तिचं ल्योक हुतं, सवत भुकेनं गेली हुती, सवतीचं पोरगं गेलं हुतं. ह्या घरात पीठ हाय का, ह्ये तुमी सप्त्याला जाताना कवा इचारलंय?" मी भाकरी मोडली होती ती तशीच हातात राहिली. खरं आहे. १६३० चा तो दुष्काळ. तुकोबांची थोरली बायको रखमाबाई त्यात अन्नावाचून गेली. मागं राहिलेल्या बाईनं देवाला चार शब्द बोलले तर तिची नक्कल करायची? तिचं भांडण पिठाचं होतं. त्या दिवसापासून मी कंबरेवर हात ठेवायचं सोडलं.

आणि बहिणाबाईंचं तर आपल्या मुलखाशी नातं आहे. या शिऊरच्या बहिणाबाई, तुकोबांच्या शिष्या. कोल्हापुरात राहत असताना त्यांनी जयरामस्वामींची कीर्तनं ऐकली. हे जयरामस्वामी म्हणजे आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यातल्या वडगावचे. बहिणाबाईंबरोबर एक वासरू कीर्तनाला यायचं. गर्दीत वासराला बाहेर काढलं तर स्वामींनी त्याला आत बोलावलं आणि दोघींच्या डोक्यावर हात ठेवला. हे नवऱ्याच्या कानावर गेलं. त्यानं त्या अकरा-बारा वर्षांच्या पोरीला मारलं, बांधून घातलं. हे सगळं त्या बाईनं स्वतःच अभंगात लिहून ठेवलंय. आपला नवरा, आपला मार, आपलं बांधलेलं अंग. आणि नवऱ्याचं घर न सोडता, तुकोबांचं नावही न सोडता ती तशीच उभी राहिली. पुढं नवरा वळला. आम्ही कीर्तनात सांगतो ते एवढंच, की नवरा वळला. मार वगळतो. ऐकणाऱ्यांत कोणी मार खाऊन आलेली असंल तर तिला काय वाटत असंल?

आता जे सांगायचंय ते जरा जड आहे.

चौदा-पंधरा वर्षांमागं आपल्या तालुक्याच्या उत्तरेकडच्या एका गावात माझं कीर्तन होतं. तो भाग तुम्हाला माहीत आहे, घेवडा आणि ज्वारी, पाऊस आला तर पीक. अभंग चोखोबांचा घेतला होता. मी रंगवून सांगितलं. देव चोखोबांच्या पंगतीला जेवला, देवानं चोखोबांबरोबर ढोरं ओढली, चोखोबा देवावर रुसले, देवानं समजूत काढली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. कीर्तन संपल्यावर मंडपाबाहेरच्या कट्ट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, टोपी, चष्मा, प्राथमिक शाळेतले निवृत्त गुरुजी. मला हात करून जवळ बोलावलं.

म्हणाले, "महाराज, एक विचारू का? तुम्ही मघाशी म्हणालात चोखोबा रुसले. रुसलेला माणूस घरात असतो की घराबाहेर?"

मी म्हटलं, "घरात."

"चोखोबा कुठं होते?"

मला बोलता आलं नाही.

ते शांतपणे बोलत होते. म्हणाले, "रुसलेल्याला आत येता येतं, तो येत नाही. चोखोबांना यायचं होतं, येऊ देत नव्हते. त्यांचं भांडण देवाशी नव्हतं महाराज. दार अडवणाऱ्याशी होतं. देवाचं नाव घेऊन ते तुमच्या-आमच्या गावाला विचारत होते." मग म्हणाले, "आमच्या बाबासाहेबांचं तुम्हाला ठाऊक असंल. १९०१ साल. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली पोरं मसूर स्टेशनावर उतरली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला. स्टेशनावर जात कळली आणि गाडीवाला दुप्पट भाडं घेऊनसुद्धा गाडी हाकायला तयार होईना. पोरांनी गाडी हाकली, तो बाजूनं चालला. बरोबर फराळाचं होतं, पण रात्रभर पाणी मिळालं नाही. आपल्याच जिल्ह्यात. त्या पोरांना तुम्ही रुसलेली म्हणाल का?"

त्या रात्री मी घरी येऊन गाथा काढली. चोखोबांचे अभंग, सोयराबाईंचे, त्यांच्या मुलाचे, कर्ममेळ्याचे. आधी शंभर वेळा वाचलेले. या वेळी चाल न लावता नुसते वाचले. सोयराबाई विटाळावर असा सवाल करतात की त्याला शास्त्री-पंडितांकडं उत्तर नाही. कर्ममेळा तर बापापेक्षा कडक. बापाच्या बोलण्यात कुठं कुठं देवाची माया दिसते, पोराच्या बोलण्यात सरळ जाब आहे. देवा, आम्हाला या जागी कुणी बसवलं ते सांग, असा त्याचा रोख. हा कज्जा आहे. यात समजूत काढून भागत नाही, निकाल लागावा लागतो.

निकाल कधी लागला? चोखोबा गेले १३३८ साली, मंगळवेढ्याला, गावकुसाचं काम करताना कूस कोसळून, गरिबाच्या अंगावर गरिबाच्याच हातची भिंत. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या आणि समाधी दिली महाद्वारासमोर. दाराच्या बाहेरच. नामदेवांनी जेवढं करता आलं तेवढं केलं, त्यांना दोष नाही. पुढं १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा देवळाचं दार सगळ्यांना मोकळं झालं. मी नातीकडून हिशेब करून घेतला. ६०९ वर्षं. चोखोबांनी टाळ खाली ठेवला नाही माउली. सहाशे नऊ वर्षं त्यांचे टाळ वाजत होते, सगळा समाज आरती करून मोकळा होत होता, आणि चोपदार तिकडं गेलाच नाही.

आपली दिंडी शंभर वर्षांची झाली. म्हणजे सुरू झाली तेव्हा ते दार बंदच होतं. आपली पहिली पिढी कळसाला आणि चोखोबांच्या समाधीला नमस्कार करून आत गेली असणार, आणि गावातली काही माणसं बाहेर थांबली असणार. शताब्दीच्या पुस्तकात पहिल्या वारीला कोण कोण होतं त्यांची नावं छापली आहेत. जी बाहेर थांबली त्यांची नावं आपल्याकडं नाहीत. मी समितीला विनंती करतो, की त्या यादीखाली निदान तेवढी एक ओळ छापा.

ते गुरुजी आता नाहीत. त्यांचं नाव घेऊ नको असं त्यांच्या मुलानं सांगितलंय, म्हणून घेत नाही.

आता माझा बैल.

अबोला हे सगळ्यात अवघड भांडण, कारण त्यात शब्दच नसतो. त्याचा अभंग कोण लिहिणार? पण मुक्ताईनं लिहिलाय. ज्ञानोबारायांना लोकांनी टाकून बोललं, आणि ते पर्णकुटीची ताटी लावून आत बसले. जगाशी अबोला. धाकटी बहीण ताटीबाहेर उभी राहून विनवते, ते ताटीचे अभंग. ज्ञानोबांची ज्ञानेश्वरी मोठी खरी, पण मला विचाराल तर त्या दिवशी मोठी मुक्ताईच. तिनं दार तोडलं नाही आणि सोडूनही गेली नाही.

आमच्या घरात अकरा वर्षं ताटी लागलेली आहे. बऱ्याच जणांना ठाऊक आहे, तोंडावर कोणी बोलत नाही एवढंच. माझा धाकटा भाऊ आणि मी. बांध सव्वादोन फूट रुंद आणि लांबीला रानभर. सरकारी मोजणी झाली, खुणा रोवल्या, त्याला पटलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं. अजून तारखा चालू आहेत. आल्याला भाव आला त्या वर्षी दोघांनीही पैसे वकिलाला दिले. महाभारत दुसरं काय आहे? बांधाचाच कज्जा, रान जरा मोठं होतं.

तो आपल्या दिंडीत टाळकरी आहे. मी पण. ओळी समोरासमोर असतात, पावली खेळताना मी पुढं जातो, तो पुढं येतो. वारकरी आहोत म्हणून एकमेकांच्या पायावर डोकं ठेवतो. रीत आहे, मोडता येत नाही. अकरा वाऱ्या मी त्याच्या पाया पडलोय आणि त्यानं माझ्या, आणि एक शब्द बोललो नाही. आमची बहीण भाऊबीजेला येते. दोन ताटं एकाला एक लावून मांडते. मी जेवायला बसतो तेव्हा दुसरं ताट गार होत असतं, आणि तो येतो तेव्हा माझं उष्टं उचललेलं असतं. ती दोघांना वाढते आणि न जेवता एसटीला जाते.

मंबाजीनं तुकोबांना काटेरी फांद्यांनी मारलं. त्या रात्री तो कीर्तनाला आला नाही म्हणून तुकोबा त्याच्या घरी गेले आणि मारून मारून तुझे हात दुखले असतील म्हणून त्याचे पाय चेपले. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असंल? भावाचं घर माझ्या घरापासून चाळीस पावलांवर आहे. वडील गेल्यावर तुकोबा आणि त्यांचा भाऊ कान्होबा यांनी कर्जाची खतं अर्धी अर्धी वाटून घेतली आणि तुकोबांनी आपली अर्धी इंद्रायणीत टाकली, ही पण मी सांगतो. माझी खतं लोखंडी पेटीत आहेत. झेरॉक्सही आहेत.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. मोजणीत बांध माझ्या बाजूनं निघाला हे खरं. कागद माझाच आहे. पण आमचे वडील, ज्यांनी तरडगावला 'वाजीव' म्हणून सांगितलं ते, त्यांनी वाटणी केली तेव्हा बांधावरच्या जांभळापाशी उभं राहून आम्हा दोघांना तोंडी सांगितलं होतं, की जांभूळ आणि त्याच्या अलीकडची पट्टी धाकट्याची, कारण विहीर थोरल्याकडं गेली. साक्षीला तिसरं कोणी नव्हतं. कोर्टात त्यानं हे सांगितलं. मला विचारलं तेव्हा मी आठवत नाही म्हणालो.

मला आठवतंय.

त्याचं भांडण रुसवा आहे असं मी लोकांना सांगत आलो. धाकटा आहे, तापट आहे, येईल ताळ्यावर. ते गुरुजी कट्ट्यावर जे बोलले ते चोखोबांपुरतं मला कळलं, घरापुरतं कळायला एवढी वर्षं लागली. त्याचा कज्जा खरा आहे. समजूत त्याची काढायची नाही.

पुढच्या महिन्यात तारीख आहे. तिथं काय सांगायचं ते मी ठरवलंय. तिथं सांगायच्या आधी विणेसमोर सांगावं वाटलं, म्हणून सांगितलं. तो मागच्या खांबाला टेकून बसलाय, मला हितनं दिसतोय. वेळ झाली, पंगतीची तयारी झाली असंल. बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.

(पुस्तकासाठी नातीनं मजकूर वाचून दाखवला तेव्हा एवढं वाढवायला सांगितलं. त्या दिवशी पंगतीत भाऊ माझ्या शेजारी बसला नाही. तो वाढपी होता. आमटीची बादली घेऊन ओळीनं येत माझ्या पानापाशी आला, थांबला. खाली बघूनच म्हणाला, "वाढू का?" मी म्हटलं, "वाढ." त्यानं दोन पळ्या वाढल्या आणि पुढं गेला. आमटी लई तिखट होती.)